स्नेह आणि कंद : चांदा प्रदेशातील बटाटा, चरबी व मोहतेल यांचा शब्देतिहास

१. विषयाची मांडणी

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, दुर्गापूरच्या कोळसा खाणींच्या शेजारी वसलेले ऊर्जानगर हे स्थळनाम अगदी अर्वाचीन होय. १९८० नंतरच्या दशकात तेथे औष्णिक विद्युत केंद्राचे संच सुरू झाले आणि त्यावर काम करणाऱ्यांसाठी जी वसाहत उभी राहिली तिला हे नाव मिळाले. नाव नवे असले तरी त्यातील शब्द मात्र वैदिक आहे. ‘ऊर्ज्’ म्हणजे अन्नातून अंगी येणारे बळ, अन्नाचा सारभूत रस. निघंटूने ‘ऊर्क्’ हा शब्द अन्नाच्या नावांतच गणला आहे. विसाव्या शतकात मराठीने तो पदार्थविज्ञानातील संज्ञेसाठी योजला आणि आज सामान्य वाचकाला ‘ऊर्जा’ म्हटले की वीज आठवते, अन्न आठवत नाही. तथापि आहारशास्त्राने हा शब्द पुन्हा स्वयंपाकघरात आणला आहे. भट्टीतील कोळसा आणि चुलीतील कंद या दोहोंतील उष्णता मूलतः एकाच परिमाणाने मोजता येते व अन्नाच्या बाबतीत त्या परिमाणाला मराठीत उष्मांक असे नाव आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय या दुसऱ्या ऊर्जेशी संबंधित आहे. कंद स्निग्ध पदार्थात भाजून खाण्याची पद्धती, त्यासाठी वापरले जाणारे स्नेह आणि त्यांचे पोषणमूल्य यांचा विचार येथे चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशाच्या संदर्भात करावयाचा आहे. हा सर्व प्रदेश पूर्वी चांदा या एकाच जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यापासून वेगळा झाला. युरोपीय पाकपरंपरेत बटाटा डुकराच्या, बदकाच्या किंवा गुराच्या चरबीत भाजण्याची रीत प्रसिद्ध आहे. मराठी भाषकांत ती नाही असे सामान्यतः समजले जाते. हा समज पदार्थाच्या स्वरूपावर आधारलेला नसून पदार्थाच्या नावावर आधारलेला आहे, असे शब्दांच्या इतिहासावरून दिसते. कंद कोणताही असो, त्याचे पोषणमूल्य बव्हंशी त्याच्याबरोबर येणाऱ्या स्नेहावर अवलंबून राहते. आणि स्नेहांची प्रतवारी या प्रदेशात रसायनाने केली नाही, भाषेने केली. त्या प्रतवारीची किंमत कोणी मोजली हा या विवेचनाचा शेवटचा प्रश्न आहे.

२. कंदांची नावे

बटाटा या देशात येण्यापूर्वी येथील मनुष्य कंदाला अपरिचित होता असे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कंदवर्गाची जी गणना आहे तीत पिंडालुक, मध्वालुक, हस्त्यालुक, काष्ठालुक, शंखालुक आणि रक्तालुक अशी नावे येतात. यांतील समान पद ‘आलुक’ म्हणजे खाद्य कंद. त्याच्या आधीची विशेषणे आकार, चव, कठीणपणा अथवा रंग सांगतात. वर्गाचे एक नाव आणि त्यापुढे भेद दाखविणारे पद अशी ही नामरचना आहे.

हीच रचना चांदा प्रदेशातील गोंडी बोलींतही आढळते. खाद्य कंदाला तेथे ‘माटी’ म्हणतात आणि निरनिराळ्या रानकंदांची नावे या पदाच्या आधी भेददर्शक पद लावून होतात. दोन भाषाकुले भिन्न असूनही नावे बांधण्याची पद्धती सारखी आहे. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, कंदांतील बारकावे ओळखणे ही दोन्ही समाजांची व्यावहारिक गरज होती. या अरण्यात मिळणाऱ्या कंदांपैकी काही नुसते निखाऱ्यात भाजून खाता येतात. काही कडू असतात. आणि तीन पानांच्या एका वेलीचा कंद तर विषारी असतो. त्याच्या चकत्या करून त्या वाहत्या पाण्यात दीर्घकाळ भिजवाव्या लागतात. तेव्हा कंदाचे नाव चुकणे ही केवळ भाषिक चूक ठरत नाही, ती जिवावर बेतू शकते.

संस्कृत ‘रक्तालु’ या शब्दापासून मराठीत ‘रताळू’, ‘रताळे’ हे शब्द आले. मूळ शब्द तांबड्या रंगाच्या देशी कंदाचा वाचक होता. पुढे अमेरिकेतून गोड कंदाची वेल या देशात आली तेव्हा तिला स्वतंत्र नाव न देता जुन्या कंदाचे नाव देण्यात आले. आज रताळे म्हटल्यावर जो पदार्थ डोळ्यांपुढे येतो तो सुश्रुताने पाहिलेला नव्हता. मराठीतील ‘अळू’ या शब्दाचा संबंधही याच ‘आलु’शी जोडला जातो, तेथे कंदाचे नाव पानांच्या भाजीवर स्थिरावले. नावे टिकतात आणि त्यांच्याखालील पदार्थ बदलतात, ही गोष्ट पुढील विवेचनात पुनःपुन्हा लक्षात ठेवावी लागेल.

३. बटाटा आणि आलू

बटाट्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा पठारी प्रदेश. तेथील केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणतात. ‘बटाटा’ हा शब्द मात्र त्या पर्वतावरचा नाही. कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत ‘बटाटा’ म्हणजे आपण ज्याला रताळे म्हणतो तो कंद. स्पॅनिश व पोर्तुगीज दर्यावर्दींनी आधी हा गोड कंद पाहिला व त्याचे नाव आत्मसात केले. नंतर पर्वतावरचा कंद हाती आला तेव्हा तेच नाव त्यालाही लागू झाले. पोर्तुगिजांकडून ते कोकण व गुजरात किनाऱ्यावर आले आणि मराठी, कोंकणी व गुजराती या भाषांत रुळले.

याचा परिणाम असा झाला की, जुन्या प्रवासवर्णनांतील उल्लेखांवरून बटाट्याच्या आगमनाचा काळ ठरविणे अवघड होऊन बसले. इंग्रज वकील टॉमस रो याच्यासमवेत असलेला धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील मोगल दरबारच्या वर्णनात आसफखानाने दिलेल्या मेजवानीचा उल्लेख केला आहे व तीत ‘पोटॅटो’ होते असे म्हटले आहे. परंतु त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द रताळ्यासाठीही वापरला जात असे. यास्तव त्या ताटात नेमका कोणता कंद होता हे केवळ शब्दावरून सिद्ध होत नाही. रताळ्याचे अमेरिकन नाव बटाट्याने घेतले आणि देशी तांबड्या कंदाचे नाव रताळ्याने घेतले, अशी ही दुहेरी अदलाबदल आहे.

चांदा प्रदेशात मात्र किनाऱ्यावरचा हा शब्द पोचला नाही. विदर्भात सर्वत्र बोलीत ‘आलू’ हाच शब्द चालतो. पुण्यामुंबईकडे ज्याला बटाटावडा म्हणतात त्याच्या जवळच्या पदार्थाला नागपूर-चंद्रपूरकडे आलूबोंडा म्हणतात. याची कारणे राजकीय व व्यापारी इतिहासात सापडतात. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निवर्तल्यानंतर १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि चांदा जिल्हा त्या प्रांतात गेला. स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत तो मध्यप्रदेशातच होता; १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे शंभर वर्षे या जिल्ह्याचा कारभार व व्यापार यांचे तोंड हिंदी भाषी उत्तरेकडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला तोही उत्तरेकडूनच. बटाट्याला गाठ धरण्यासाठी थंड रात्री लागतात आणि चांद्याचा तलावांवर पोसलेला भातप्रदेश त्याला फारसा मानवणारा नाही. तो बाजारातून आला आणि आणणाऱ्यांनी आपला शब्दही बरोबर आणला.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सिरोंचाच्या बाजूला तेलुगूचा अंमल सुरू होतो. तेथे तेलंगणातील ‘आलुगड्ड’ हा शब्द परिचित आहे. तेलुगूतील दुसरा शब्द ‘बंगाळदुंप’ म्हणजे बंगालचा कंद. तो बटाट्याचा त्या बाजूचा मार्ग उघडच सांगून जातो. एकाच पदार्थाचे पश्चिम किनाऱ्यावरून, उत्तरेकडून आणि बंगालकडून आलेले शब्द भोवताली असताना चांद्याने जुना संस्कृतोद्भव शब्द स्वीकारला, हे भाषिक भूगोलाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ऊर्जानगरात महाराष्ट्राच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे राहतात. तेथील बाजारात ‘बटाटा’ व ‘आलू’ हे दोन्ही शब्द एकाच पाटीसमोर ऐकू येणे स्वाभाविक आहे. त्यांतील एक किनाऱ्याचा इतिहास सांगतो आणि दुसरा मध्यप्रांताचा.

४. भाजणे आणि तळणे

कंद शिजविण्याच्या क्रियांचे शब्दही तपासले पाहिजेत. मराठीतील ‘भाजणे’ हे संस्कृत ‘भर्जन’ या शब्दाशी संबद्ध असून त्याचा मूळ अर्थ कोरड्या उष्णतेवर पक्व करणे असा आहे. निखारा, राख, तप्त वाळू अथवा तवा ही त्याची साधने. ‘तळणे’ या क्रियेत पदार्थ उकळत्या स्नेहात बुडतो. विपाकसूत्र या अर्धमागधी आगमग्रंथात मांस पक्व करण्याच्या प्रकारांचा निर्देश करताना ‘सोल्ल’, ‘तलिअ’ व ‘भज्जिअ’ हे तीन शब्द एकत्र येतात. पहिला सळईवर भाजलेल्याचा, दुसरा तळलेल्याचा आणि तिसरा भाजलेल्याचा वाचक आहे. म्हणजे स्नेहात पक्व करणे आणि स्नेहावाचून पक्व करणे हा भेद प्राकृत काळापासून भाषेत पक्का आहे.

पाश्चात्त्य पद्धतीचा चरबीत भाजलेला बटाटा या दोन क्रियांच्या मधोमध पडतो. बटाट्याच्या फोडी अर्धवट उकडून तापलेल्या चरबीत घोळवितात व भट्टीच्या उष्णतेवर खरपूस होऊ देतात. त्या स्नेहात बुडत नाहीत, परंतु स्नेहावाचूनही राहत नाहीत. मराठीत या क्रियेस एकच स्वतंत्र धातू नाही. ‘तुपावर परतणे’, ‘तेलावर खरपूस भाजणे’ अशी वाक्खंडे वापरावी लागतात. परंतु धातू नसल्याने क्रियाही नाही असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. एकादशीच्या दिवशी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी जिऱ्याच्या फोडणीत साजूक तुपावर परतून खाणे ही मराठी घरांतील सर्वपरिचित रीत आहे. तूप हा दुधातून निघणारा, म्हणून प्राणिज स्नेह होय. तेव्हा प्राणिज स्नेहात भाजलेला बटाटा मराठी माणूस केवळ खातो एवढेच नव्हे, तर उपवासासारख्या व्रताच्या दिवशी खातो. बटाट्यासारखा परका कंद व्रताच्या अन्नात निर्वेध प्रवेश करतो, कारण कंदमुळे हा व्रतस्थांचा आहार अशी जुनी कोटी भाषेत तयार होती. नावाने त्याला त्या कोटीत बसविले.

५. स्नेहांची प्रतवारी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्नेहाध्यायात स्नेहाचे चार प्रकार सांगितले आहेत : सर्पि, तैल, वसा आणि मज्जा. तूप, तेल, मांसातील चरबी आणि अस्थींतील मगज हे त्यांचे अर्थ. तुपाला श्रेष्ठत्व दिले असले तरी चारही स्नेह एकाच मालिकेत आहेत, आणि कोणता कोणत्या ऋतूत द्यावा याचाही विचार केला आहे. वसा व मज्जा हे त्याज्य पदार्थ आहेत अशी भाषा तेथे नाही. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथातही अन्नभोगाच्या प्रकरणात रानडुकराचे मांस भाजण्याचे प्रकार सविस्तर आले आहेत. त्या काळच्या दख्खनी राजघराण्याच्या ताटात चरबी होती याविषयी शंका उरत नाही.

मराठीत या चार संज्ञांचे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. ‘तैल’ या शब्दाचे ‘तेल’ झाले. मूळ अर्थ तिळाचा स्नेह. आता कोणत्याही बीचा. तमिळमधील ‘एण्णेय्’ आणि तेलुगूमधील ‘नूने’ हे तेलवाचक शब्दही तीळ व स्नेह यांच्या नावांचा समास होऊनच बनले आहेत, म्हणजे दोन्ही कुलांच्या साक्षीने तीळ हेच तेलाचे आदिबीज ठरते. ‘सर्पि’ आणि ‘घृत’ हे शब्द बोलीतून मागे पडून त्यांच्या जागी ‘तूप’ आले. हेमचंद्राच्या देशीनाममालेत ‘तुप्प’ आहे आणि कन्नडमध्ये ‘तुप्प’ म्हणजे तूपच. ‘वसा’ हा शब्द मराठीत राहिला तो व्रत या निराळ्या अर्थाने; चरबी या अर्थाने तो ग्रांथिक झाला. त्याच्या जागी ‘चरबी’ हा फारसी शब्द आला. फारसीत ‘चर्ब’ म्हणजे स्निग्ध, तुळतुळीत. त्यात निंदा नाही. मराठीत मात्र त्याचा अर्थ संकुचित झाला आणि त्याला हीनत्व चिकटले. ‘अंगावर चरबी चढली’ हे उन्मत्तपणाचे वर्णन आहे. ‘आपल्या पोळीवर तूप ओढणे’ यात स्वार्थ असला तरी तूप हवेसे आहे. ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ या म्हणीत तर स्नेहाची निवड हीच प्रतिष्ठेची कसोटी झाली आहे.

इतिहासात चरबी या शब्दाने राजकीय उलथापालथीही घडविल्या आहेत. १८५७ मधील काडतुसांची गोष्ट सर्वश्रुत आहे. १९८३ मध्ये आयात केलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. ‘वनस्पती’ हे नाव ज्या शुद्धतेची ग्वाही देत होते तीच भंग पावल्याने लोक क्षुब्ध झाले. बटाट्यापुरते बोलावयाचे तर अमेरिकेतील मॅक्डोनल्ड्स या प्रसिद्ध उपाहारगृहसमूहाने १९९० मध्ये बटाट्याच्या कापा गुरांच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेलात तळण्याचे जाहीर केले, तथापि त्यांतील स्वादासाठी गोमांसाचा अंश वापरला जात असल्याचे पुढे उघड झाले आणि २००१ मध्ये तेथील भारतीय शाकाहाऱ्यांच्या वतीने खटला गुदरला गेला. श्रद्धेच्या बाबतीत खाणाऱ्यास सत्य कळणे हा त्याचा हक्कच आहे. त्याविषयी वाद नाही. परंतु श्रद्धेने केलेली प्रतवारी ही पोषणाची प्रतवारी समजली गेली की घोटाळा होतो.

गोंडीची रचना येथे तुलनेने पाहण्यासारखी आहे. गोंडीत तेलाला ‘नी’ किंवा ‘नीय’ म्हणतात. हा शब्द तमिळ ‘नेय्’ व तेलुगू ‘नेय्यि’ यांच्याच मुळाचा आहे. तेलुगूत तो तुपावर स्थिरावला, तर तमिळमध्ये तूप, तेल व चरबी या सर्वांना त्याची व्याप्ती पोचते. द्रविड धातूने स्निग्धता हा गुण पाहिला. तो गाईचा, बीचा की डुकराचा हे पुढच्या पदावर सोडले. चरकाच्या ‘स्नेह’ शब्दाची व्याप्तीही तशीच आहे. मधल्या काळातील मराठीनेच हा वर्ग फोडला, आणि आधुनिक पाठ्यपुस्तकांनी ‘मेद’ व ‘स्निग्ध पदार्थ’ या संज्ञांनी तो पुन्हा जोडू पाहिला.

६. मोहाचा स्नेह

चांदा प्रदेशातील ग्रामीण व वन्य समाजाला स्नेह कोठून मिळत असे? भातशेतीच्या पट्ट्यात तीळ व जवस ही पिके होती. वनप्रदेशातील माडिया कुटुंबे डुकरे पाळतात, आणि डुकराचे मांस आपल्याच चरबीत शिजते. त्याला निराळे तेल लागत नाही. रानडुकराची शिकारही पूर्वी होत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली. पण डुक्कर हे रोजचे अन्न नव्हे, ते सणाचे आणि देवकार्याचे. दूधदुभत्याची रीत या समाजात क्षीण असल्याने तूप जवळजवळ नव्हतेच. या सर्वांतून राहिलेली पोकळी भरून काढली ती मोहाने.

मोह हा शब्द संस्कृत ‘मधूक’ यापासून प्राकृत ‘महुअ’ या मार्गाने आला. गोंडीतील ‘इरुप’ हा तेलुगू ‘इप्प’ व तमिळ ‘इलुप्पै’ यांचा सगोत्र आहे. मोहफुलांचा आणि त्यांच्या मद्याचा गवगवा इतका झाला की त्याच्या बीकडे अभ्यासकांचेही दुर्लक्ष होते. फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात. फळे त्यानंतर पावसाच्या तोंडाशी पिकतात. बीला टोळी, टोरी अथवा टोळंबी अशी नावे प्रदेशपरत्वे आहेत. छत्तीसगडीतही ‘टोरी’ हाच शब्द आहे. बिया वाळवून, फोडून, आतील गर कुटून वाफवितात आणि दोन लाकडी फळ्यांत दाबून तेल काढतात. उरलेली पेंड विषारी गुणाची असून तिचा उपयोग मासे मारण्यासाठी करीत.

हे तेल थंडीत थिजते. तुपाप्रमाणे त्याचा गोळा होतो. याचे कारण त्याच्या घटनेत आहे. शेंगदाणा, तीळ किंवा जवस यांच्या तेलांत संपृक्त मेदाम्ले थोडी असतात, म्हणून ती सदैव पातळ राहतात. मोहाच्या तेलात संपृक्त मेदाम्लांचा वाटा स्थूलमानाने ४० ते ५० टक्के असून एकअसंपृक्त ओलेइक आम्लही जवळपास तितकेच असते. डुकराच्या चरबीत संपृक्त मेदाम्ले सुमारे ४० टक्के व ओलेइक आम्ल सुमारे ४५ टक्के असते. दोहोंचे साम्य स्पष्ट आहे. याउलट साजूक तुपातील संपृक्त मेदाम्ले ६० टक्क्यांच्या पलीकडे जातात. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने पाहू गेल्यास मोहाचे तेल तिळाच्या तेलापेक्षा डुकराच्या चरबीला अधिक जवळचे आहे, आणि डुकराच्या चरबीपेक्षा तूप अधिक घन प्रकृतीचे आहे. युरोपातील शेतकऱ्याला जो स्नेह गोठ्यातील डुकराने दिला, तशाच घडणीचा स्नेह चांद्याच्या रहिवाशाला झाडाने दिला. ‘प्राणिज’ आणि ‘वनस्पतिज’ या शब्दांनी त्यांच्यामध्ये घातलेली भिंत पोषणाच्या दृष्टीने फार पातळ आहे.

७. कंद आणि स्नेह यांचे आहारमूल्य

शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७९ ग्रॅम पाणी, १७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, २ ग्रॅम प्रथिने आणि केवळ ०.१ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यापासून सुमारे ७७ उष्मांक मिळतात. रानकंदांच्या वर्गातील शेतात लावल्या जाणाऱ्या कंदांचे मूल्य शंभर ग्रॅमला ११५ ते १२० उष्मांकांच्या आसपास आहे, पण स्निग्धांश त्यांतही नाममात्रच. क जीवनसत्त्व दोहोंत आहे. बटाट्यात ते कच्च्या स्थितीत शंभर ग्रॅमला सुमारे २० मिलिग्रॅम असते व उष्णतेने काही अंशी नष्ट होते. सालीसकट शिजविल्यास ते अधिक टिकते.

केवळ बटाट्यावर २,००० उष्मांक मिळवावयाचे तर सुमारे २.६ किलोग्रॅम बटाटे खावे लागतील. प्रौढ श्रमिकालाही हे कठीण. लहान मुलाच्या पोटात तर गरजेपुरते अन्न मावणारच नाही. स्नेहाच्या प्रत्येक ग्रॅमपासून ९ उष्मांक मिळतात. म्हणजे ३० ग्रॅम स्नेह सुमारे ३५० ग्रॅम बटाट्यांची बरोबरी करतो. स्नेहाने अन्नाचा आकार न वाढविता त्याचे बळ वाढते, आणि वैदिक ‘ऊर्ज्’ शब्दात जो रसाचा अर्थ आहे तो येथे अक्षरशः खरा ठरतो. आयर्लंडमधील गरीब शेतकरी १८४५ च्या दुष्काळापूर्वी बटाट्यावर जगत असे असे म्हणतात. परंतु त्याच्या बटाट्याबरोबर दूध अथवा ताक असे, हे विसरता येत नाही. कंदातील उणीव जोडीच्या पदार्थाने भरून निघत होती.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्वांची. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्नेहात विरघळणारी आहेत. गडचिरोलीच्या पावसाळी आहारात तरोट्यासारख्या रानभाज्या येतात आणि हिरव्या पानांतील कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते. पण आहारात स्नेह नसल्यास त्या कॅरोटीनचे शोषण नीट होत नाही. पानांत द्रव्य असूनही ते अंगी लागत नाही. तेव्हा थोडा स्नेह ही चैन नसून उरलेल्या अन्नाला कामास लावणारे ते साधन होय.

स्नेहात भाजण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. चरबीत भाजलेल्या बटाट्यात स्नेह पाच टक्क्यांच्या आसपास राहतो, तर पातळ तळलेल्या कापांत तो एकतृतीयांशापर्यंत जातो. १२० अंश सेल्सिअसच्या वरील कोरड्या उष्णतेत बटाट्यातील शर्करा व अ‍ॅस्परॅजिन यांच्या संयोगातून अ‍ॅक्रिलअमाइड हे अनिष्ट द्रव्य तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यांत शर्करा वाढते व त्यामुळे हा धोकाही वाढतो. काळसर होईपर्यंत भाजू नये, सोनेरी रंगावर थांबावे, हा जुन्या गृहिणींचा दंडक शास्त्राच्याही पसंतीस उतरतो. संपृक्त मेदाम्लांचे अतिसेवन हृदयास अपायकारक असते, ही सूचना बैठे काम करणाऱ्या व भरपूर स्नेह खाणाऱ्या नागर कुटुंबासाठी योग्य आहे. जेथे स्नेहाचीच टंचाई आहे तेथे तीच सूचना जशीच्या तशी लागू केल्यास उपायापेक्षा अपाय अधिक होईल. ऊर्जानगरातील बैठ्या नोकरदाराला तूप कमी करण्याचा सल्ला द्यावा लागतो. भामरागडच्या बालकाला स्नेह वाढविण्याचा. एकाच जुन्या जिल्ह्यातील या दोन ताटांना एकच नियम पुरणार नाही.

८. उपसंहार

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकाधारकांना ‘आनंदाचा शिधा’ या नावाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ व साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल दिले. पामतेलात संपृक्त मेदाम्ले सुमारे निम्मी असतात आणि तेही थंडीत थिजते. घडणीने ते मोहतेलाच्या जवळचे आहे. भारतात येणारे पामतेल प्रामुख्याने इंडोनेशिया व मलेशिया येथून येते. ज्या गावाच्या शिवारात तशाच प्रकारचा स्नेह झाडाखाली पडतो त्या गावालाही समुद्रापलीकडचा स्नेह पिशवीतून मिळतो. शिधा देण्यात गैर काही नाही; गरजूला स्नेह मिळाला हे चांगलेच झाले. परंतु पामतेल हे ‘खाद्यतेल’ आणि टोळीचे तेल हे ‘गौण वनोपज’ अशी जी दोन नावे व्यवहारात रूढ आहेत ती त्यांच्या गुणांवरून पडलेली नाहीत. २०१३-१४ पासून केंद्र शासनाच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत मोहाच्या बीचा समावेश झाला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील ग्रामसमाजाचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून या दिशेने वाट दाखविली. तथापि बीला भाव मिळणे आणि तिचा स्नेह घरातल्या चुलीपर्यंत पोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बी विकून आलेल्या पैशात तेल विकत घेतले जातेच असे नाही.

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बटाट्याने या प्रदेशातील आहारात क्रांती केली नाही. कंदांच्या जुन्या परंपरेत तो शेवटी येऊन बसला आणि नावही तेथलेच घेऊन बसला. दुसरी, प्राणिज स्नेहात कंद भाजणे ही परकीय रीत नव्हे. तुपाच्या नावाखाली ती मराठी घरात आधीपासून नांदत आहे. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, तूप, चरबी आणि मोहतेल यांच्यातील सामाजिक अंतर त्यांच्यातील पोषणविषयक अंतराहून कितीतरी मोठे आहे. ते अंतर शब्दांनी निर्माण केले, आणि त्याचा भार ज्यांच्या बोलीत या सर्वांसाठी एकच जुना धातू आहे त्यांच्यावर पडला.

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही मराठीतील म्हण अविचारी माणसाला उद्देशून आहे. चांद्याच्या वनवासी समाजाच्या बाबतीत ती लावताना अविचाराचा दोष त्यांच्याकडे जात नाही. तूप त्यांच्याकडे कधी नव्हतेच. शिकारीची चरबी कायद्याने गेली. टोळीचे तेल बाजाराकडे चालले आहे. आहारविषयक पाहणी करणाऱ्यांनी ‘तूप खाता काय, तेल किती लागते’ एवढेच विचारून न थांबता स्थानिक बोलीतील स्नेहवाचक शब्द आधी गोळा केले, तर ताटातला जो अंश त्यांच्या कोष्टकांतून सुटतो तो सापडेल. ते काम भाषाभ्यासकाचे आहे, आणि ‘टोळी’, ‘टोरी’, ‘नीय’ हे शब्द बोलणारी पिढी हयात आहे तोवरच ते करता येण्यासारखे आहे.